उंदराचं कोलेस्टेरॉल आणि आमच्या वस्तादांचं

मा. मंत्री,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

कोल्हापुरात मंगळवार पेठेत माझं औषधाचं दुकान आहे. गेल्या महिन्यात आमच्या तालमीतले एक वस्ताद अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळ्यांची न फोडलेली पाकिटं परत द्यायला आले. त्यांच्या हृदयात स्टेंट आहे. म्हणाले, "बंद केल्या गा गोळ्या. आता हे चूर्ण घेतोय." डब्यावर ठळक अक्षरांत छापलंय, 'कोलेस्टेरॉल उतरवते. प्रयोगशाळेत सिद्ध.'

साहेब, ती प्रयोगशाळा मी आतून पाहिली आहे. एम. फार्म.ला माझा विषयच हा होता. उंदीर मोठा चिवट. नुसता तुपा-चरबीचा खुराक देऊन त्याचं कोलेस्टेरॉल सहजी चढत नाही. म्हणून आडवाट काढतात. ट्रायटन डब्ल्यूआर-1339 नावाचं एक डिटर्जंट आहे, मधासारखं घट्ट. ते सलाइनमध्ये विरघळवायचं, उंदराची शेपटी कोमट पाण्यात धरून शीर फुगवायची आणि वजनाच्या किलोमागे 200 ते 400 मिलिग्रॅम या हिशेबानं टोचायचं. दुसऱ्या दिवशी रक्त काढून यंत्रात फिरवलं की वर येणारं सीरम नितळ नसतं, दुधासारखं पांढरं असतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नळीत काहीतरी सांडलं असंच मला वाटलं होतं.

ही चरबी खाण्यातून आलेली नसते. यकृत रोजच्यासारखी चरबी रक्तात सोडत असतं, पण ती फोडणारं लायपोप्रोटीन लायपेज हे विकर डिटर्जंटमुळे अडतं. गटार तुंबलं की गल्लीत पाणी साचतं, तसं. त्यात यकृतही जादा कोलेस्टेरॉल बनवायला लागतं. अशा डिटर्जंटांनी सशांच्या रक्तातली चरबी चढते, हे 1951 मध्येच छापून आलंय. उंदरात साधारण 24 तासांत पातळी शिखराला जाते आणि त्यानंतर काहीही औषध न देता आपोआप उतरू लागते. (भांड्यांच्या साबणानं कोलेस्टेरॉल वाढतं असा मेसेज कुणी फिरवायच्या आत सांगतो, हे सगळं शिरेत टोचल्यावरचं आहे.)

पद्धत खोटी नाही. पन्नास वनस्पतींतून पाच निवडायच्या तर पहिली चाळणी म्हणून ती स्वस्त आणि झटपट आहे. पण चाळणीतून पडलं म्हणजे भाकरी झाली नाही. गुग्गुळाचंच बघा. त्यातल्या गुग्गुळस्टेरॉननं ट्रायटनच्या उंदरांत चरबी उतरवली होती. 2003 मध्ये अमेरिकेत 103 माणसांवर आठ आठवडे गुग्गुळाच्या अर्काची चाचणी झाली, तेव्हा वाईट कोलेस्टेरॉल उतरायचं सोडून चार-पाच टक्क्यांनी चढलं. नुसत्या खोट्या गोळ्या घेणाऱ्यांचं मात्र पाच टक्क्यांनी उतरलं!

वस्तादांच्या चूर्णाच्या माहितीपत्रकात मी बारीक अक्षरं भिंगाखाली वाचली. 'ट्रायटन-प्रेरित' एवढा एक शब्द आहे. तो कुणाला कळणार? ज्या रोगांवर इलाजाची जाहिरात करायला मनाई आहे, त्यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या 1954 च्या कायद्यातल्या यादीत हृदयविकार आहे, मधुमेह आहे. इथं रोगाचं नावच घेतलेलं नाही, नुसतं कोलेस्टेरॉल म्हटलंय. पळवाट शोधणारा आमच्यापेक्षा हुशार असतो.

मागणी मोठी नाही. 'प्रयोगशाळेत सिद्ध' असं छापायचं असेल तर त्याच आकाराच्या अक्षरांत, मराठीत, चाचणी उंदरावर झाली की माणसावर आणि किती दिवस चालली तेही छापायला लावा. माणसावर झालीच नसेल तर 'सिद्ध' हा शब्द काढायला लावा.

वस्तादांच्या गोळ्या मी परत घेतल्या नाहीत. त्यांच्याच पिशवीत घातल्या आणि तिथूनच त्यांच्या डॉक्टरांना फोन जोडून दिला. चूर्णाचा डबा मात्र ठेवून घेतलाय. सोमवारी तो आपल्या इथल्या कार्यालयात आणून देतो. पोच मिळावी.

आपला,
एक औषध दुकानदार, कोल्हापूर