लॅपटॉपच्या बिलावर सॉफ्टवेअरचाही तपशील हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विंडोज १० या प्रणालीला मिळणारी मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाली. विंडोज ११ साठी लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था ज्यांच्या जुन्या संगणकात नव्हती, त्यांच्यापैकी अनेकांनी चालू स्थितीतले यंत्र बाजूला ठेवून नवे घेतले. शिवाय बारावीनंतरच्या प्रवेशांच्या काळात लॅपटॉपची खरेदी दरवर्षी होतेच. मी तालुक्याच्या गावी संगणकाचा वर्ग चालवतो. त्यामुळे नवा कोरा लॅपटॉप घेऊन आलेले पालक आणि विद्यार्थी मला नेहमी भेटतात. 'सर, पीस खराब लागला,' असे ते आल्या आल्या सांगतात. पीस बहुधा खराब नसतो. विकण्यापूर्वी त्यात काय टाकले, कोणाच्या नावाने टाकले आणि ते किती दिवस चालणार, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. बिलावर मॉडेल, सीरियल नंबर आणि जीएसटी यांपलीकडे काही लिहिलेले नसते.

सर्वांत मोठे नुकसान होते ते खात्यावरून. विंडोज ११ होम पहिल्यांदा सुरू करताना इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचे खाते मागते. काउंटरवर गर्दी असते, ग्राहकाला स्वतःच्या ई-मेलचा पासवर्ड आठवत नसतो, तेव्हा दुकानातला मुलगा स्वतःच्या किंवा दुकानाच्या ई-मेलवर लॅपटॉप चालू करून हातात देतो. त्या वेळी सगळे सुरळीत दिसते. मात्र विंडोज ११ ची २०२४ मधली २४एच२ ही आवृत्ती ज्या नव्या यंत्रांत भरून येते, त्यांत मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केला की डिस्कला आपोआप कुलूप (डिव्हाइस एन्क्रिप्शन) लागते आणि ते उघडणारी ४८ अंकी रिकव्हरी की त्याच खात्यात जाऊन बसते. पुढे बायोसचे, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामचे, अपडेट झाले किंवा सर्व्हिस सेंटरने मदरबोर्ड बदलला की कधी कधी निळा पडदा येऊन ती की मागतो.

अभियांत्रिकीला शिकणाऱ्या एका मुलीचा लॅपटॉप याच अवस्थेत माझ्याकडे आला होता. पडद्यावर की भरण्याची चौकट होती आणि ती ज्या खात्यात ठेवली आहे त्या ई-मेलची सुरुवातीची अक्षरे दिसत होती. ती तिच्या घरातल्या कोणाच्याही नावाशी जुळत नव्हती. दुकानात चौकशी केली, तर लॅपटॉप चालू करून देणारा मुलगा काम सोडून गेलेला, आणि त्याने कोणता पासवर्ड ठेवला होता हे मालकांना ठाऊक नाही. हरवलेली की मायक्रोसॉफ्टलाही नव्याने काढून देता येत नाही. शेवटी डिस्क पुसून विंडोज पुन्हा टाकावी लागली आणि प्रोजेक्टच्या फाइल्स, घरचे फोटो, सगळे गेले. हार्डवेअरमध्ये काहीही बिघाड नव्हता.

ज्यांनी अलीकडे लॅपटॉप घेतला आहे त्यांनी आजच सेटिंग्जमधील अकाउंट्समध्ये जाऊन तिथे कोणाचा ई-मेल दिसतो ते पाहावे. तो आपला नसेल, तर स्वतःच्या खात्याने प्रवेश करून डिव्हाइस एन्क्रिप्शन एकदा बंद करावे, ते पूर्ण बंद होऊ द्यावे आणि मग पुन्हा सुरू करावे. नवी की आपल्या खात्यात आली आहे याची खात्री करून ती कागदावर उतरवावी आणि तो कागद लॅपटॉपच्या पिशवीत न ठेवता घरच्या कागदपत्रांत ठेवावा.

दुसरा प्रकार 'डॉस' लॅपटॉपचा. तो काही हजारांनी स्वस्त पडतो, कारण त्यात विंडोजचे लायसन्स नसते. तसा लॅपटॉप विकण्यात गैर काही नाही. गैर आहे ते 'विंडोज आम्ही फुकट टाकून देतो' हे आश्वासन. ही फुकटची विंडोज बहुधा मोठ्या कंपन्यांसाठी असलेल्या केएमएस या परवाना पद्धतीची नक्कल करून चालू केलेली असते. तिची मुदत १८० दिवसांची असते आणि नूतनीकरण झाले नाही, तर पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात 'ॲक्टिव्हेट विंडोज' ही अक्षरे उमटतात. मुदतीपेक्षाही वाईट गोष्ट अशी की, असले टूल चालवण्यासाठी विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस बंद केला जातो आणि कित्येकदा तो तसाच राहतो. मग त्याच लॅपटॉपवरून घरातले लोक बँकेचे व्यवहार करतात. वरून घाईत टाकलेल्या विंडोजला त्या मॉडेलचे ड्रायव्हर, म्हणजे यंत्राचे भाग चालवणारे छोटे प्रोग्राम, मिळालेले नसतात, म्हणून आवाज येत नाही, वाय-फाय दिसत नाही, टचपॅडवर दोन बोटे चालत नाहीत, आणि ग्राहक कंपनीच्या नावाने बोटे मोडतो. ड्रायव्हर त्या कंपनीच्याच संकेतस्थळावर सीरियल नंबर टाकून मिळतात. 'ड्रायव्हर अपडेटर' म्हणून जाहिरात करणाऱ्या उपऱ्या प्रोग्रामांची गरज नसते.

ऑफिसचे प्रकरण तुलनेने साधे, पण भांडणे त्यावरूनच जास्त होतात. 'ऑफिससह' या एका शब्दात आयुष्यभराचे लायसन्स, वर्षभराचे सदस्यत्व आणि महिनाभराची ट्रायल असे तीन वेगळे अर्थ दडलेले असतात. ट्रायल संपली की वर्डमध्ये फाइल उघडते, पण त्यात बदल करता येत नाही. सोबत आलेल्या बाहेरच्या अँटिव्हायरसचेही तसेच. मुदत संपल्यावर तो रोज भीती दाखवत राहतो. तो काढून टाकला की विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप काम सुरू करतो, आणि माझ्या मते घरगुती वापराला तेवढा पुरेसा आहे.

मराठी टंकलेखनाची तक्रार मात्र आपल्याकडची खास आहे. जुन्या संगणकावर कृतिदेव किंवा श्रीलिपी या जुन्या धाटणीच्या फाँटमध्ये तयार केलेली फाइल नव्या लॅपटॉपवर उघडली की इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी दिसते, आणि 'व्हायरस आला' म्हणून यंत्र परत दुकानात जाते. तिथे कोणीतरी चोरीचा फाँट टाकून देतो आणि तो प्रश्न पुढच्या संगणकापर्यंत लांबणीवर पडतो. वास्तविक विंडोजमध्ये मराठी इनस्क्रिप्ट कळफलक आधीपासून आहे, २०१९ पासून उच्चारानुसारी कळफलकही आहे. सेटिंग्जमधील भाषांच्या यादीत मराठी जोडली की दोन्ही मिळतात. जुन्या फाइल्स मात्र एकदा युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांवर सारख्या दिसणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत, रूपांतरित करून घ्याव्या लागतात आणि जोडाक्षरे डोळ्यांखालून घालावी लागतात.

नवा लॅपटॉप पहिल्या दिवशी संथ चालतो, कारण तो मागून काही जीबी अपडेट उतरवत असतो. त्याला चांगले इंटरनेट द्यावे, एक-दोनदा रीस्टार्ट करावे आणि मगच मत बनवावे. धीर सुटलेला माणूस गुगलवर 'कस्टमर केअर' शोधतो आणि तिथेच ठगांच्या हाती सापडतो. पलीकडचा माणूस गोड बोलून एनीडेस्कसारखे ॲप उतरवायला लावतो आणि लॅपटॉपचा ताबा घेतो. कंपनीचा नंबर फक्त वॉरंटी कार्डावरून किंवा कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावा. पैसे गेलेच, तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० वर तक्रार नोंदवावी.

अशी अडचण घेऊन गेलेल्या ग्राहकाला 'सॉफ्टवेअर वॉरंटीत येत नाही' हे ठरलेले उत्तर मिळते. कंपनीच्या वॉरंटीपुरते ते पुष्कळदा खरेही असते. पण दुकानदाराने जे स्वतः टाकून दिले किंवा 'आयुष्यभर चालेल' असे सांगून विकले, त्याची जबाबदारी त्याचीच आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिल न देणे आणि सदोष वस्तू परत घ्यायला नकार देणे या दोन्ही अनुचित व्यापार प्रथा आहेत, आणि बिलावर परतीची मुदत लिहिलेली नसेल तर ती ३० दिवसांची धरली जाते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीचे शुल्क लागत नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर दाद मागता येते. अडते ते पुराव्याशी. तोंडी दिलेला शब्द आयोगापुढे सिद्ध कसा करायचा?

म्हणून बिलावर लिहिले जावे, की विंडोज कंपनीकडून आलेली आहे की यंत्र डॉसचे आहे. ऑफिस आणि अँटिव्हायरस कोणत्या प्रकारचे आहेत आणि कोणत्या तारखेपर्यंत चालतील. आणि लॅपटॉप ग्राहकाच्याच ई-मेलवर सुरू करून दिला आहे. त्याखाली ग्राहकाची सही असावी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये ऑनलाइन विक्रीतील फसव्या क्लृप्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. संगणकाच्या विक्रीबाबतही प्राधिकरणाला असा निर्देश देता येईल. तोपर्यंत निदान संगणक विक्रेत्यांच्या स्थानिक संघटनांनी येत्या प्रवेशांच्या हंगामापासून बिलाचा नमुना बदलावा. त्याला सरकारी आदेशाची गरज नाही.

आपला विश्वासू,
एक संगणक प्रशिक्षक, बार्शी