कॉन्सन्ट्रेटरवाल्या दादांना, वर्तकनगरच्या एका घराकडून

दादा, सप्रेम नमस्कार.

२०२१ चा कोरोनाचा एप्रिल-मे ठाण्यात ज्यांनी काढला, त्यांना वेगळं काही सांगायला नको. बाळकुमचं ग्लोबल हब असो की कळव्याचं रुग्णालय, खाटेसाठी फोनवर फोन चालले होते. घरी ऑक्सिजनचं यंत्र, म्हणजे कॉन्सन्ट्रेटर, आलं की माणसांना वाटायचं, सुटलो. यंत्र मंडळाने दिलं, त्यांचे आभार आम्ही तेव्हाच मानले. पण ते चालवायचं कसं हे तुम्ही घरोघरी जाऊन शिकवलंत. ते इथे सविस्तर लिहितो आहोत, म्हणजे तुम्ही नेमकं काय केलंत ते सगळ्यांना कळेल.

आधी तुम्ही जागा पाहायचात. भिंत, पडदा, पलंगाची चादर यांपासून यंत्र फूटभर तरी लांब हवं. ते खोलीतलीच हवा ओढतं, आतल्या झिओलाइट नावाच्या दाण्यांमध्ये नायट्रोजन अडकवतं आणि उरलेला ऑक्सिजन पुढे सोडतं. हवा घ्यायची जागा झाकली गेली की यंत्र तापतं आणि ऑक्सिजनची शुद्धता घसरते. प्लग थेट भिंतीतला, एक्स्टेंशन बोर्ड चालणार नाही. समई, उदबत्ती, गॅसची शेगडी यांतलं काहीही त्या खोलीत नको. नाक कोरडं पडलं तरी व्हॅसलीन लावायचं नाही, हेही तुम्ही प्रत्येक घरी न विसरता सांगितलंत.

सगळ्यांत जास्त घोटाळा ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या पाण्याच्या बाटलीचा. पाणी उकळून गार केलेलं, दोन रेघांच्या मध्ये, आणि रोज बदललेलं. वरच्या रेघेच्या पुढे गेलं तर नळीत पाणी चढतं, खालच्या रेघेखाली गेलं तर नाक सुकून रक्त येतं. खरी गोम मात्र झाकणात. झाकणाचे आटे जरा तिरके बसले की हवा तिथूनच निसटते. यंत्र घरघरत असतं, फ्लो दाखवणारी नळीतली गोळी मिनिटाला ४ लिटर दाखवत असते आणि पेशंटच्या नाकापर्यंत जवळजवळ काहीच पोचत नाही! त्यासाठी तुम्ही दोन परीक्षा शिकवल्यात. कॅन्युलाची, म्हणजे नाकात घालायच्या नळीची, टोकं पेलाभर पाण्यात बुडवायची, भराभर बुडबुडे आले पाहिजेत. मग टोकं पुसून कोरडी करायची. दुसरी, बाटलीच्या पुढची नळी बोटांनी चिमटीत दाबायची. बाटलीच्या व्हॉल्व्हमधून शिट्टीसारखा आवाज आला तर मागे सगळं घट्ट आहे. आवाज नाही म्हणजे गळती, मग झाकण काढून पुन्हा सरळ बसवायचं. आवाज येतो पण बुडबुडे नाहीत, तर नळी पलंगाच्या पायाखाली दबली आहे का ते पाहायचं.

गोळीचा मध्य रेघेवर हवा, वरची कड नव्हे. ५ लिटरच्या यंत्राकडून त्याहून जास्त ओढायला गेलं तर शुद्धता उतरते, हे तुम्ही ठासून सांगितलंत. कमी फ्लोवर मास्क लावायचा नाही, कारण ५ लिटरच्या खाली सोडलेला श्वास मास्कमध्येच साठतो, तिथे कॅन्युलाच. किती लिटर ते डॉक्टर ठरवणार. ऑक्सिमीटरवर ९२ ते ९६ पुरेसं, सीओपीडीसारखा फुप्फुसाचा जुना आजार असेल तर डॉक्टर ८८ ते ९२ च ठेवायला सांगतात. ९९ दिसावं म्हणून फ्लो वाढवणाऱ्यांना तुम्ही न रागावता समजावलंत. बोट गार असेल, मेंदी किंवा नेलपॉलिश असेल तर आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, हेही.

आणि वीज. १२ ऑक्टोबर २०२० ला विजेचं ग्रीड बंद पडलं तेव्हा वीज जाणं म्हणजे काय ते ठाण्यात सगळ्यांनी पाहिलं होतं, आणि १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ आलं. वीज गेली की कॉन्सन्ट्रेटर बंद. म्हणून यंत्राशेजारी छोटा बी टाइप सिलिंडर भरलेला असावा, हा तुमचा नियम. त्यात साधारण १५०० लिटर मावतात: मिनिटाला २ लिटरने बारा तास, ५ लिटरने जेमतेम पाच. काटा अर्ध्यावर आला की वेळही अर्धी धरायची. सिलिंडर उभा, साखळीने बांधलेला. वॉशर जागेवर आहे ना ते पाहायचं, फ्लोची चकती शून्यावर ठेवायची, मग चावीने व्हॉल्व्ह हळू उघडायचा. हाताला तेल नको, सॅनिटायझर असेल तर पूर्ण वाळू द्यायचं. आटा कुरकुरला म्हणून तेलाचा थेंब सोडणं म्हणजे आग ओढवून घेणं.

एका गोष्टीसाठी विशेष आभार. यंत्र पूर्ण लावूनही आकडा ९० च्या खाली जातो, तरी "अजून थोडं बघू" म्हणणाऱ्या घरांना तुम्ही स्पष्ट सांगितलंत की आता खाट शोधा, यंत्राने भागणार नाही. असं तोंडावर सांगायला धीर लागतो.

आता ही यंत्रं सोसायट्यांच्या ऑफिसांत धूळ खात पडली आहेत. बंद यंत्रातला झिओलाइट आपल्या पावसाळी दमट हवेतली ओल धरतो आणि गरज पडेल तेव्हा यंत्र कमी शुद्धतेचा ऑक्सिजन देतं. म्हणून तुम्ही अजून मंडळाची यंत्रं दर महिन्याला काही तास चालवून ठेवता, फिल्टर धुऊन, पूर्ण वाळवून परत बसवता. हे काम एकट्याचं नाही. दोन यंत्रं आमच्याकडे द्या. नव्या बाटल्या, कॅन्युला आणि फिल्टरचा खर्चही आमच्याकडे. मॉडेलचे नंबर तेवढे पाठवा.

तुमचेच,
वर्तकनगरचं एक कुटुंब