केबिनमधील दाब आणि एका स्विचची जबाबदारी

महोदय,

चिपी आणि मोपा येथील विमानतळांमुळे सिंधुदुर्गातील घराघरांत विमानप्रवास आता नवलाईचा राहिलेला नाही. मात्र आपल्याकडे चर्चा होते ती भाड्याची आणि रद्द झालेल्या फेऱ्यांची; केबिनमधील हवेचा दाब कोणी सांभाळायचा, हे क्वचितच विचारले जाते.

१४ ऑगस्ट २००५ रोजी सायप्रसमधील लार्नाकाहून अथेन्सला निघालेले हेलिओस एअरवेजचे बोइंग ७३७ कोसळून १२१ जणांचा मृत्यू झाला. उड्डाणापूर्वी जमिनीवर दाबाची चाचणी घेताना दाब-नियंत्रणाचा स्विच ‘ऑटो’वरून ‘मॅन्युअल’वर नेला गेला आणि तो तसाच राहिला; त्यामुळे विमान वर चढताना केबिनमधील दाब आपोआप राखला गेला नाही. हा स्विच डोक्यावरच्या पॅनेलवर, सहवैमानिकाच्या बाजूला असतो. तो पाहण्याची संधी वैमानिकांना उड्डाणाआधी आणि नंतर मिळून तीनदा होती, तरी तो नजरेतून सुटला. विमान वर चढताना भोंगा वाजला, पण दाब घटल्याचा आणि विमानाचे भाग उड्डाणासाठी योग्य स्थितीत नसल्याचा इशारा एकाच आवाजात होता, त्यामुळे वैमानिक चुकीचे कारण शोधत राहिले आणि प्राणवायूअभावी त्यांची शुद्ध हरपली. या दोन इशाऱ्यांसाठी वेगळे दिवे पुढे बंधनकारक झाले, हे योग्यच झाले. तरीही सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबईहून जयपूरला निघालेल्या विमानात केबिनला हवा पुरवणारे ब्लीड स्विच सुरू करायचे राहून गेले आणि तीसहून अधिक प्रवाशांच्या नाका-कानांतून रक्त आले.

मी जहाजांच्या इंजिनरूममध्ये आयुष्य काढले. एकदा बंदरातून निघताना यादीवर ‘व्हॉल्व्ह उघडा’ असे मोठ्याने वाचले गेले आणि मीही होकार भरला. पाइप हाताला चटका देण्याइतका तापला, तेव्हा कळले की दुरुस्तीसाठी बंद केलेला तो व्हॉल्व्ह कोणी उघडलाच नव्हता. त्या दिवसापासून ज्याने व्हॉल्व्ह फिरवला, त्यानेच त्यावर लाल टॅग बांधायचा आणि तो सोडताना वहीत सही करायची, हा नियम मी कधी मोडू दिला नाही.

विमानातही शेवटची नजर वैमानिकाचीच, यात वाद नाही; पण स्विच हलवणाऱ्याचा हात कागदावर दिसलाच पाहिजे. देखभालीत हलवलेल्या प्रत्येक दाब-नियंत्रण स्विचची नोंद होऊन, तो मूळ जागी असल्याचे डोळ्यांनी पाहिल्याची वैमानिकाची सही उड्डाणापूर्वी घेतली जावी, असा स्पष्ट आदेश नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने काढावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

– एक निवृत्त जहाज अभियंता, वेंगुर्ले