कीबोर्डला हात न लावणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

परवा रात्री माझ्या ड्रायव्हरने, म्हणजे डिव्हाइसशी बोलणाऱ्या मी लिहिलेल्या प्रोग्रॅमने, डिस्कचा पहिला सेक्टर (डिस्कवरचा पहिला छोटा तुकडा) वाचला. सगळ्यात आधी तुम्हाला सांगावंसं वाटलं, पण तुम्ही कंपनी सोडून गेल्याचं कळलं आणि तुमचा नंबर माझ्याकडे नाही. म्हणून हे उघड पत्र.

अकरा दिवस मी अडकलो होतो. गेस्टमधून, म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या आतून, व्हर्टआयओच्या (आभासी उपकरणांशी बोलायच्या ठरलेल्या पद्धतीच्या) ब्लॉक डिव्हाइसशी, म्हणजे आभासी डिस्कशी बोलायचं, एवढंच काम. डिव्हाइसची ओळख सांगणारा मॅजिक नंबर बरोबर यायचा, आवृत्ती २ यायची, डिस्कची क्षमतासुद्धा अचूक. सेक्टर मागितला की मात्र डिव्हाइस गप्प. ज्यांना विचारलं त्यांतला एक म्हणाला, स्पेक (व्हर्टआयओचे नियम सांगणारा दस्तऐवज) वाच. मी ते तीनदा वाचलं होतं. दुसऱ्याने लिनक्सचा ड्रायव्हर उचलून टाकायला सांगितलं. आणि ज्यांच्या हाताखाली मी काम करतो, त्यांनी भर मीटिंगमध्ये विचारलं, "तुला हे झेपणार आहे का?" ते अजून बोचतं.

तुम्ही दुसऱ्या टीमच्या. पाण्याची बाटली भरायला निघाला होतात. माझा चेहरा पाहून थांबलात, खुर्ची ओढून बसलात. मी आपणहून कीबोर्ड तुमच्यापुढे सरकवला, कारण तोवर मदतीला आलेला प्रत्येकजण तो ओढूनच घ्यायचा. तुम्ही तो हलकेच परत माझ्यापुढे सरकवलात आणि विचारलंत, "स्टेटस लिहिल्यावर परत वाचलास का?"

नव्हता वाचला. डिव्हाइसच्या स्टेटस रजिस्टरात, म्हणजे तयारी कुठवर आली ते नोंदवायच्या कप्प्यात, मी ११ (१ + २ + ८) लिहीत होतो. वाचून पाहिलं तर ३. फीचर्स (दोघांनी वापरायच्या सोयी) ठरल्याची खूण असलेली ८ ची बिट डिव्हाइसने मान्यच केली नव्हती. परत वाचून बघा, असं स्पेकमध्ये स्वच्छ लिहिलंय. माझ्या डोळ्यांखालून ते तीनदा गेलं होतं.

मग तुम्ही हायपरवायझरबद्दल, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅमबद्दल बोललात. म्हणालात, "तिथं चिप नाहीये रे. त्या पत्त्यावर लिहिलंस की सीपीयू गेस्टला थांबवतो, हायपरवायझर बघतो तू काय मागतोयस, आणि तो उत्तर देतो. तू मेमरीत लिहीत नाहीयेस, कुणालातरी विचारतोयस. मग उत्तर ऐकायला नको?"

पुढचं माझं मला सापडलं. फीचर्सच्या बिटा ६४, पण त्या लिहायची खिडकी एका वेळी ३२ चीच. निवडीच्या रजिस्टरात १ लिहून वरचा अर्धा भाग मी कधी भरलाच नव्हता, आणि नवी, १.० पासूनची पद्धत मान्य असल्याचं सांगणारी बिट नेमकी तिथेच, ३२ व्या क्रमांकावर. ते शोधायला मला वीस मिनिटं लागली. तुम्हाला बहुधा पहिल्याच मिनिटाला दिसलं असणार. तरी तुम्ही एक शब्द न बोलता शेजारी बसून राहिलात, आणि ११ लिहिल्यावर ११ च परत आला तेव्हा नुसत्या हसलात. बाटली रिकामीच घेऊन परत गेलात.

हुशार माणसं मला रोज भेटतात. दुसऱ्याचं काम दुसऱ्याच्याच हातात राहू देण्याएवढा धीर असलेलं माणूस या इमारतीत मला पहिल्यांदा भेटलं. त्या वीस मिनिटांत मला पुन्हा वाटायला लागलं, की हे काम मला येतं.

नंतर क्यू, म्हणजे डिव्हाइसकडे मागण्या पाठवायची रांग, मांडण्यात आणखी चार दिवस गेले, पण ते माझे मी काढले. सेक्टर आला तेव्हा शेवटच्या दोन बाइटांत ५५ आणि एए, ही बूट सेक्टरची ओळखखूण, दिसले. मी ते लगेच परत एकदा वाचून पाहिले.

आपला कृतज्ञ,
खिडकीजवळच्या रांगेतला मुलगा