ॲसिडने धुतलेले जीवाश्म : मंत्रिमहोदयांस खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

दोन वर्षांपूर्वी कर्नाटकातील खानापूर तालुक्यातील कार्यक्रमात आपण मुलांच्या विज्ञान दालनाला काचेचे कपाट देण्याचा शब्द दिलात. त्या शब्दावर विसंबून मी ३१ वर्षांत जमवलेले समुद्री अर्चिन या गोल, काटेरी समुद्री प्राण्याचे ४३ जीवाश्म दालनाच्या स्वाधीन केले. कपाट आले नाही. गेल्या सोमवारी जिन्याखालच्या सिमेंटच्या पोत्यात ते मला सापडले, आणि त्यांतले बरेचसे साफसफाईत कोणीतरी फरशीच्या ॲसिडमध्ये बुडवून काढलेले.

या प्राण्याचे कवच कॅल्साइटचे, म्हणजे चुनखडकातल्याच खनिजाचे असते. ॲसिड लागताच ते फसफसून विरघळते. तमिळनाडूतील अरियलूरच्या चुनखडकातला, सुमारे ७ कोटी वर्षांपूर्वीचा, चिकूएवढा एक नमुना मला सर्वांत प्रिय होता. त्याच्या पाठीवर तगरीच्या फुलासारख्या पाच पाकळ्या होत्या आणि प्रत्येक पाकळीच्या कडेने सुईच्या टोकाएवढ्या छिद्रांच्या ओळी होत्या. आता तिथे बोट फिरवले, तर वापरलेल्या साबणाची वडी हाताला लागते. नमुन्यांवर पांढऱ्या ठिपक्यावर काळ्या शाईने लिहिलेले क्रमांकही पुसले गेले. नमुना कुठल्या थरातला हेच कळेनासे झाले, तर अभ्यासकाने त्याचे करायचे काय? नोंदवही मागितली, तेव्हा ती रद्दीत गेली असेल असे उत्तर मिळाले.

मंत्रिमहोदय, आमच्या भागात हे जीवाश्म मिळत नाहीत. इकडचा काळा पाषाण लाव्हाचा आहे आणि बागलकोटकडचे कलादगी चुनखडक या प्राण्यांच्या जन्माआधीचे आहेत. त्यामुळे इथल्या मुलांना ते हातात घेऊन पाहायला दुसरी जागा नव्हती.

मला दिलेली पोचपावती फक्त कन्नडमध्ये होती. शेजाऱ्यांनी वाचून दाखवली, तेव्हा कळले की तीत ‘दगड, एक पेटी’ एवढेच लिहिले आहे. मराठीतून पावती मागितल्यावर तशी पद्धत नाही असे मला सांगण्यात आले होते. ज्याची वस्तू, त्यालाच कागद वाचता येऊ नये, हा कुठला कारभार?

१८७३ साली जीवाश्मतज्ज्ञ फर्डिनांड स्टॉलिच्का यांनी दक्षिण भारतातील अशाच जीवाश्मांचे सचित्र वर्णन प्रसिद्ध केले, आणि भूवारसा, म्हणजे असे खडक व जीवाश्म, जपण्याच्या कायद्याचा मसुदा केंद्राने लोकांपुढे ठेवला तो डिसेंबर २०२२ मध्ये. या देशात दगडाची किंमत खाणीच्या स्वामित्वशुल्कापुरतीच कळते, असे मी आता संतापाने म्हणतो.

ॲसिडपासून वाचलेले १७ नमुने मला परत द्यावेत, त्यांची यादी मराठीतही करून द्यावी आणि नोंदवही शोधावी. कपाटाची मागणी मी मागे घेत आहे.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, खानापूर