थ्रीकॉमचं दिवाळं निघालं नव्हतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बंद पडलेल्या संगणक कंपन्यांवरचा कालच्या अंकातला लेख वाचला. संगणकांची जाळी जोडायचं सामान बनवणाऱ्या थ्रीकॉमच्या वाट्याला त्यात जेमतेम चार ओळी आल्या आहेत आणि त्याही चुकीच्या. ‘मोडेम विकणारी ही कंपनी इंटरनेटचा वेग वाढला तशी दिवाळखोरीत गेली,’ असं आपण छापलंत. मोडेमचा, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट जोडणाऱ्या यंत्राचा, मोठा धंदा तिच्याकडे आला तो १९९७ साली, यूएस रोबोटिक्स घेतल्यावर. कंपनी तर १९७९ची. मधल्या अठरा वर्षांत तिने काय केलं, हे लेखकाने शोधलंच नाही. आणि दिवाळखोरी कधी झालीच नाही. एप्रिल २०१० मध्ये एचपीने सुमारे २७० कोटी डॉलर मोजून ती विकत घेतली. दिवाळं निघालेल्या पेढीला कुणी एवढी रक्कम देत नाही.

थ्रीकॉमचे संस्थापक रॉबर्ट मेटकाफ यांचं नावही लेखात नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं. झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रात १९७३ साली त्यांनी इथरनेटची, म्हणजे जवळपासचे संगणक तारेने एकमेकांना जोडण्याच्या पद्धतीची, कल्पना मांडली आणि डेव्हिड बॉग्ज यांच्या साथीने ती उभी केली. नंतर डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तिघांना एकत्र आणून १९८० साली ते खुलं मानक म्हणून जाहीर होईपर्यंत पाठपुरावा केला. म्हणून आज कुठल्याही कंपनीचं यंत्र दुसऱ्या कुठल्याही कंपनीच्या यंत्राशी एकाच तारेवर बोलतं. संगणकशास्त्रातला सर्वोच्च सन्मान असलेलं ट्युरिंग पारितोषिक २०२२ साठी मिळालेल्या माणसाने काढलेली कंपनी आपण ‘मोडेम विकणारी’ म्हणून उरकलीत.

मी नागपुरातल्या एका शिक्षणसंस्थेत संगणक प्रयोगशाळा सांभाळत होतो. तेव्हा संगणकांचं जाळं टीव्हीच्या तारेसारख्या कोअ‍ॅक्सियल केबलचं असे. प्रत्येक संगणकामागे टी कनेक्टर, दोन्ही टोकांना पन्नास ओहमचा टर्मिनेटर. कुणाचा पाय लागून एक जोड सैल झाला, की लाइटच्या माळेसारखी सगळी लाइन बंद. त्यात उन्हाळ्यात खोलीला वाळ्याचे कूलर. त्या दमट हवेने संगणकाला जाळ्याशी जोडणाऱ्या कार्डाच्या कडा काळवंडत, मग खोडरबरने घासून पुन्हा बसवायच्या. अशा खोलीत थ्रीकॉमचं ३सी५०९ कार्ड वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललं. त्यात जम्पर, म्हणजे कार्डावरच्या पिना जोडणारी बारीक टोपी, हलवायची भानगड नव्हती. फ्लॉपीवरचा प्रोग्राम चालवला, की आयआरक्यू (कार्डाने प्रोसेसरला हाक मारायचा क्रमांक) आणि पत्ता पडद्यावरून ठरवता येई.

नवे संगणक आले तेव्हा मी हीच कार्डं मागितली होती, लेखी. खरेदी समितीने सर्वांत कमी कोटेशन पास केलं आणि बिनानावाची जम्परवाली कार्डं आली. ती मुळात आयआरक्यू तीनवर बसवलेली, आणि आमच्या अर्ध्या संगणकांचा माउस दुसऱ्या सीरियल पोर्टवर. त्या पोर्टचाही आयआरक्यू तीनच, म्हणजे दोघांची टक्कर ठरलेली. विद्यापीठाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत, बाहेरगावचे परीक्षक समोर बसलेले असताना, मुलांनी माउस हलवला की सर्व्हर नाहीसा होई. एक मुलगी रडायला लागली, तिचा लिहिलेला सगळा प्रोग्राम गेला होता. नंतर लेखी खुलासा मागितला गेला तो माझ्याकडे! समितीतल्या एकालाही कुणी विचारलं नाही. माझं मागणीपत्र फाइलमध्ये तसंच लावलेलं होतं, मी ते दाखवलं, तरी शेरा माझ्याच सेवापुस्तकात गेला. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली, तरी राग गेलेला नाही. स्वस्त आणि चांगलं यांतला फरक ज्यांना हाताने कळतो त्यांचं कुणी ऐकत नाही, आणि तुमचा लेखही ‘कार्डं महाग होती म्हणून मागे पडली’ असंच म्हणतो.

कंपनी मागे पडली ती स्वतःच्या निर्णयांनी. मार्च २००० मध्ये तिने पाम या हातात मावणारे संगणक बनवणाऱ्या आपल्या उपकंपनीचे थोडे शेअर बाजारात आणले, बाकी जवळजवळ सगळे स्वतःकडेच ठेवले. पहिल्याच दिवशी एकट्या पामची किंमत अख्ख्या थ्रीकॉमपेक्षा जास्त झाली! अर्थशास्त्राचे प्राध्यापक अजून हे उदाहरण शिकवतात. त्याच महिन्यात कंपनीने मोठ्या संस्थांसाठीचे स्विच, म्हणजे जाळ्यातले संगणक एकमेकांना जोडणारी यंत्रं, बनवणं सोडलं आणि जुन्या गिऱ्हाइकांना एक्स्ट्रीम नेटवर्क्स या दुसऱ्या कंपनीकडे पाठवलं. ज्यांनी लाखो डॉलर गुंतवून जाळी उभारली होती ते पुन्हा विश्वास का ठेवतील? पुढे चीनमध्ये हुआवेईबरोबर एच३सी ही भागीदारीतली कंपनी काढून तिने बरंच सावरलं. २००७ साली बेन कॅपिटल ही गुंतवणूक कंपनी आणि हुआवेई मिळून २२० कोटी डॉलरला ती घेणार होते, पण अमेरिकी सरकारच्या सुरक्षेच्या आक्षेपांवर ते अडलं. हा सगळा इतिहास सोडून ‘वेग वाढला’ एवढ्यावर भागवणं बरं नाही. शिवाय लेखासोबत फोटो छापला आहे तो अँटेना असलेल्या घरगुती वायफाय राउटरचा.

लिहायला बसलोच आहे तर आणखी एक. आमच्या भागात रस्ता सिमेंटचा करायला खोदतात आणि दरवेळी केबल तुटते. कंत्राटदार म्हणतो, खाली केबल आहे हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. घरून काम करणारी मुलं मोबाइलचा डेटा पुरवून पुरवून दिवस काढतात. शहराच्या पानावर भूमिपूजनाचे फोटो येतात, तुटलेल्या केबलबद्दल एक ओळ येत नाही. वार्ताहर पाठवावा, मी जागा दाखवीन.

थ्रीकॉमची दुरुस्ती त्याच पानावर यावी, कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांत नको. त्यात १९७९ आणि २०१० ही दोन्ही सालं द्यावीत, आणि मेटकाफ यांचं नाव.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक, प्रतापनगर, नागपूर