मुलांची ती चित्रं भिंतीवर नकोत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात एका चित्रप्रदर्शनाची सचित्र बातमी होती. मनाच्या त्रासातून जाणाऱ्या मुलांनी उपचारादरम्यान काढलेली चित्रं, खाली नाव, वय आणि गाव. शेजारी चौकट : काळा रंग म्हणजे नैराश्य, हात नसलेला माणूस म्हणजे असहायता. मी नाशिकमध्ये मुलांबरोबर कला-मानसोपचाराचं काम करते. बातमी वाचून फार वाईट वाटलं, आणि रागही आला.

आमच्या खोलीत कागद, ऑइल पेस्टल, पोस्टर कलर, शाडू आणि प्रत्येक मुलाची एक फाइल असते. फाइल कुलपात राहते. घरातली भांडणं पाहून बोलणंच टाकलेली एक मुलगी (ओळख लागू नये म्हणून तपशील बदलले आहेत) दर वेळी शाडूची छोटी बाई करायची. अंबाडा, काडीने कोरलेल्या निऱ्या, सगळं नीट. वेळ संपत आली की मुठीने चेपून गोळा पिशवीत. मी अडवलं नाही, का म्हणून विचारलंही नाही, शेजारी बसून राहिले. बऱ्याच आठवड्यांनी तिने एक बाई न मोडता ठेवली आणि मला विचारलं, "हिचं नाव काय ठेवू?" उपचाराचं निम्मं काम त्या मोडलेल्या बायांमध्येच झालं होतं. प्रदर्शनात मांडण्यासारखं त्यातलं काहीच नव्हतं.

भिंतीवर काय लागतं, हे आपल्या मुलांना पहिलीपासून पाठ असतं : दोन डोंगर, मधे सूर्य, झोपडी, नारळाचं झाड. चित्र चार लोक बघणार, पेपरात येणार असं कळलं की मूल तेच काढतं, किंवा मोठ्यांना रडवेल असं काहीतरी काढतं. दोन्ही वेळा ते आपल्यासाठी काढलेलं असतं. ज्याच्यासाठी ते खोलीत आलं होतं, ते आतच राहतं.

चौकटीबद्दलही लिहायला हवं. तीन-चार वर्षांचं मूल डोक्यालाच पाय जोडून माणूस काढतं. त्या वयात ते अगदी स्वाभाविक आहे. काळा खडू कधी फक्त हाताशी असतो म्हणून वापरला जातो. चित्राचा अर्थ त्या मुलाबरोबर, त्याच्या वेगाने उलगडतो, तक्त्यावरून नाही. असे तक्ते वाचून घाबरलेले आईवडील वही घेऊन येतात आणि मुलाला त्याच्यासमोरच विचारतात, "हे काय काढलंस?" ब्रिटनमध्ये 'आर्ट थेरपिस्ट' हे पदनाम कायद्याने संरक्षित आहे, नोंदणीशिवाय ते लावता येत नाही. इथे दोन दिवसांच्या शिबिराच्या प्रमाणपत्रावर लावलेल्या पाट्या मी पाहिल्या आहेत.

पालकांनी संमतीपत्रावर सही केली असेलही. पण कौतुकाच्या आशेने केलेल्या सहीत त्या मुलाचं मत कुठे आहे? मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २४ नुसार मानसिक आरोग्य संस्थेत उपचार घेणाऱ्याची छायाचित्रं किंवा माहिती संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. काही मुलं बालगृहातली असल्याचं बातमीतच म्हटलं आहे. बाल न्याय कायदा, २०१५ चं कलम ७४ काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करायला मनाई करतं. माझ्या लेखी मुलाचं चित्र केसपेपरइतकंच गोपनीय आहे.

ज्या घरात मूल गप्प झालंय, जेवण-झोप बिघडलीय किंवा स्वतःला इजा करून घेतंय, तिथे चित्रांचा अर्थ लावत बसू नये. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं. इजेची भीती असेल तर लगेच मनोविकारतज्ज्ञ गाठावा.

आपल्याला विनंती आहे, की ती चित्रं, मुलांची नावं आणि गावं ऑनलाइन आवृत्तीतून आजच काढावीत, आणि चौकटीचा खुलासा त्याच पानावर छापावा.

– एक कला-मानसोपचारक, नाशिक